किल्ला बघायला निघालो आणि मांड्यांपाशी बसलो

बेळगावला चाललोय म्हटलं की पुण्यात हमखास एक प्रश्न येतो, "तिकडे मराठी चालतं का?" पूर्वी मी यावर १९५६ची राज्य पुनर्रचना, सीमावादावरचा महाजन आयोग वगैरे सांगत बसायची. आता सोडून दिलंय. चालतं, पळतं, रिक्षात बसून भाव करतं, एवढंच सांगते आणि विषय बदलते.

मावसभावाचं लग्न होतं. लग्नाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, सगळी लग्नं आता सारखीच होतात, ड्रोनसकट. पूजा आटोपली, पाहुणे पांगले आणि आमच्या परतीच्या गाडीआधी एक अख्खा दिवस मोकळा मिळाला. लेकीने फोनवर शोधून बेत आखला: सकाळी किल्ला, मग गोकाकचा धबधबा, संध्याकाळी राजहंसगड. मावशीने तो ऐकला आणि उप्पीट वाढत म्हणाली, "आधी खा की. किल्ला कुठं पळून जाऊलालाय काय?"

बेळगावच्या पाहुणचाराबद्दल लोक फार गोड लिहितात. माझं मत जरा वेगळं आहे. उपाशी माणसाला तो पाहुणचार वाटत असेल, पोट भरलेल्याला तो छळ आहे. उप्पीट झालं, मग "चवीपुरता" दहीभात, मग कालचा उरलेला कुंदा वाटीत. कुंदा मला आवडतो. दूध आणि खवा साखरेत तांबूस होईपर्यंत आटवलेला, किंचित खमंग. पण सकाळी साडेनऊला नाही हो. घराबाहेर पडलो तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि गोकाक मनातल्या मनात रद्द झालं होतं. साठेक किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं, तेही काकांबरोबर! काकांना वाटेत दिसणारा प्रत्येक माणूस ओळखीचा असतो.

किल्ला अगदी गावातच, बसस्टँडसमोर. शेजारी तळं आणि तळ्याकाठी ११० मीटर उंच झेंड्याचा खांब. खंदक, तटबंदी, दारातच दुर्गादेवी आणि गणपती. आत बराचसा भाग लष्कराचा, त्यामुळे इतर किल्ल्यांवर फिरतो तसं मन मानेल तिथे भटकता येत नाही. रामकृष्ण आश्रम आतच आहे. १८९२च्या ऑक्टोबरात विवेकानंद बेळगावला आले होते, तेव्हा ज्या हरिपद मित्रांकडे राहिले ते हेच घर. तिथे इतकं शांत वाटतं की मावशीसुद्धा पाचेक मिनिटं गप्प बसली.

किल्ल्यातल्याच कमल बस्तीसाठी मात्र मी पुन्हा येईन. रट्ट राजघराण्याच्या बीचिराज नावाच्या मंत्र्याने १२०४ साली बांधलेलं हे जैन मंदिर. बाहेरून ठेंगणं दिसतं, नजरेत भरत नाही. आत गेलं की काळ्या दगडाचे खांब दिसतात, कातावर फिरवल्यासारखे गोल आणि गुळगुळीत. हात लावला तर गार. मंडपात उभं राहून वर पाहिलं की छतातून दगडी कमळ खाली लोंबतंय. बहात्तर पाकळ्या आणि पाकळ्यांत तीर्थंकर: भूतकाळातले चोवीस, आत्ताचे चोवीस, पुढे होणारे चोवीस. लेक मान मोडेस्तोवर वर बघत मोजायला लागली. चाळिशीच्या पुढे कुठेतरी आकडा चुकायचा, की पुन्हा पहिल्यापासून. काका म्हणाले, "सोड गं, आठशे वर्षांत कमी झाल्या असत्या तर कोणीतरी बोंब मारली असती."

आणि तिथेच, बस्तीच्या दारात, काकांना त्यांचे जुने सहकारी भेटले. कन्नड घरातले, पण मराठी फर्डं. चहाला चला म्हणाले. आम्ही फिरायला आलोय हे मी तीनदा सांगून पाहिलं. चहाच्या गाड्यावर पाऊण तास गेला. नुकताच एक नोव्हेंबर होऊन गेला होता. तो कन्नडिगांचा राज्योत्सव आणि बेळगाव महाराष्ट्रात जावं म्हणणाऱ्या एकीकरण समितीवाल्यांचा काळा दिवस. काका दरवर्षी काळा शर्ट घालून सायकल फेरीत जातात. मी विचारलं, सीमाप्रश्नाच्या कोर्टातल्या केसचं काय झालं? काकांनी टोपी काढून टकलावर हात फिरवला. "२००४ साली महाराष्ट्रानं केस घातली तेव्हा माझे केस काळे होते. आता केस तशीच आहे, केस तेवढे गेले." सहकारी हसले. म्हणाले, "आणि मी त्या दिवशी लाल-पिवळा पट्टा घालून उभा असतो. हा सायकलवरून जाताना मला शिव्या देतो आणि रात्री आमच्याकडे जेवायला येतो." याच्यावर लेकीने मला कोपराने ढोसलं. मला बोलायला काही सुचलं नाही. सिटी बसवरचे कन्नड आकडे वाचता येत नाहीत म्हणून मी सकाळीच रिक्षात बसून कुरकुरले होते, ती कुरकुर या माणसासमोर काढायची हिंमत झाली नाही. खरं तर काढायला हवी होती. निदान आकडे तरी दोन्ही लिपींत लिहायला काय जातं?

पुढे राजहंसगड. पण मावशी म्हणाली, "वाटेत शहापुरात दोन मिनिटं उतरतो. मांड्यांचा हिशोब राहिलाय." लग्नात रुखवताला मांडे, म्हणजे सारण भरलेल्या मोठ्या, पातळ गोड पोळ्या, सांगितले होते, त्याचे पैसे द्यायचे होते. शहापूर हे मावशीचं माहेर. एके काळी सांगली संस्थानातलं गाव, पातळं विणणाऱ्यांचं. मागावरच्या शहापुरी पातळात आमच्या आजीचं अख्खं आयुष्य गेलं.

गल्लीत एका घराच्या मागच्या पडवीत चूल पेटलेली. चुलीवर भली मोठी कढई पालथी घातलेली, तिची पाठ तापून निळसर झालेली. मांडे करणाऱ्या बाई साठीच्या असतील, बारीक, हात कोपरापर्यंत पिठाने पांढरे. मनातले मांडे मी लहानपणापासून खात आलेय, खरे होताना कधी पाहिले नव्हते.

त्यांनी मळून मुरवलेल्या कणकेची पारी केली, त्यात पिठीसाखर, खवा आणि खसखशीचं सारण भरलं आणि लाटायला घेतलं. इथवर पुरणपोळीच. पण लाटून ताटाएवढी झाल्यावर त्यांनी ती दोन्ही हातांवर उचलली आणि या हातावरून त्या हातावर टाकायला सुरुवात केली. दर टाकीला ती वाढायची. आधी मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत, मग कोपराखाली लोंबायला लागली. इतकी पातळ की पलीकडे त्यांच्या बांगडीचा हिरवा रंग दिसत होता. सारण आत तसंच, कुठे फाटणं नाही, गोळा होणं नाही. मग एका झटक्यात पालथ्या कढईवर. कणीक चर्र करून आक्रसली, फुगे आले, तपकिरी ठिपके पडले. अर्ध्या मिनिटात त्यांनी ती उचलली आणि गरम आहे तोवर चौकोनी घडी घातली. गार झाली की घडी मोडते, म्हणून सगळी घाई याच क्षणाला.

लेकीने व्हिडिओ काढू का म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, "काढ की. पण मधे बोलू नको. माझं लक्ष गेलं की तुझ्या व्हिडिओत भोक येतंय."

मावशीची दोन मिनिटं दोन तासांची झाली. एरवी मी वैतागले असते. मी पाटावर बसून राहिले. मधूनच बाईंनी विचारलं, करून बघतेस? पारी माझ्या मनगटापर्यंत आली आणि मधोमध फाटली. सारण पायावर पडलं, मावशी खो खो हसली. फाटलेला मांडा आम्ही तिथेच खाल्ला, गरम, वर दूध आणि तूप घालून. नवी कोणी शिकतेय का, असं मी विचारलं. "सून मैद्याचं पीठ बघून पळतेय," म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता. पुढची पारी हातावर घेतली होती.

उन्हं उतरली. राजहंसगड लांबूनच पाहिला. टिळकवाडीत काँग्रेस विहिरीपाशी पाच मिनिटं थांबलो. १९२४च्या अधिवेशनासाठी खणलेली ही विहीर. गांधीजी अध्यक्ष झाले ते एकच अधिवेशन. लेकीला इतिहासात हे होतं म्हणे, गाव कुठलं ते तिला माहीत नव्हतं. मग रेल्वेचं दुसरं गेट पडलं आणि त्या गर्दीत स्कूटर, बस, म्हशी आणि आम्ही, सगळे एकाच ठिकाणी अडकलो. बेळगावची वाहतूक हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, रागाने लिहायच्या.

दुसऱ्या दिवशी गाडीत मांडे मांडीवर घेऊन बसले, कारण वर ठेवले तर चुरा. मिरजेपर्यंत पाय आखडले. समोरच्या काकूंनी "एक बघू का" म्हणून एक मागून घेतला, सांगलीला आणखी एक. साताऱ्यानंतर मी डबा ओढणीने झाकला.