१९६१चे अवयव

रायबंदरच्या धक्क्यावर चोडणच्या फेरीबोटीची वाट पाहताना पुढच्या गाड्यांच्या क्रमांकांचे अवयव पाडत बसण्याची मला सवय आहे. चार आकडी संख्येचे वर्गमूळ शंभराच्या आतच राहत असल्यामुळे ती मूळ आहे की नाही, हे ठरवायला २ पासून ९७ पर्यंतच्या पंचवीस मूळ संख्यांनी भागून पाहिले की पुरते. त्यांपैकी २, ३ आणि ५ यांचा निकाल तर नुसत्या नजरेने लागतो.

गोव्याच्या इतिहासातली सालेही मग याच तावडीत सापडतात. पोर्तुगीज आले ते १५१० सरळ आहे, २ × ५ × १५१. मुक्तीचे १९६१ मात्र भलतेच सोवळे दिसते. ते विषम आहे, त्याच्या अंकांची बेरीज १७ असल्याने ३ चा प्रश्न मिटतो आणि पुढे ७ पासून ३१ पर्यंत कोणालाही ते दाद देत नाही. ही मूळ संख्याच असणार, अशी खात्री पटत आलेली असतानाच ३७ ने नि:शेष भाग जातो आणि ३७ × ५३ अशी फोड हाती येते. ३७ला ५३ ने गुणणे शाळकरी मुलालाही जमेल, पण उलट दिशेने येताना बाराव्या मूळ संख्येपर्यंत दारे ठोठावावी लागली. हाच अवघडपणा शेकडो अंकी संख्यांपर्यंत ताणून १९७७ साली आरएसए ही सांकेतिक लेखनाची पद्धत उभी राहिली. घटकराज्याचे १९८७ मात्र ४३ पर्यंत कोणालाच वश होत नाही. ४७ चा वर्ग २२०९ असल्याने त्यापुढे जाण्याचे कारणही उरत नाही, म्हणजे ते खरोखरच मूळ. यात काही संकेत शोधू नये. सालांना आपले अवयव ठाऊक नसतात.

सुरुवात कोठूनही करा, १९६१ मधून ३७ आणि ५३ हेच निघणार. प्रत्येक संख्येची मूळ अवयवांत फोड एकच, हा नियम टिकावा म्हणूनच १ला मूळ संख्यांच्या पंगतीत बसवत नाहीत. एकदा बसवला की १ × १ × ३७ × ५३ अशा फोडींना अंतच राहणार नाही.

गुणाकारातली ही शिस्त बेरजेला मात्र लागू नाही. ७ जून १७४२ रोजी गोल्डबाख या गणितज्ञाने ऑयलर या दुसऱ्या गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रातून जो प्रश्न उभा राहिला, तो आज असा मांडतात: २ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते काय? त्याच सालावर ताडून पाहावे. १७४२ मधून ३ वजा केल्यास १७३९ उरतात, पण ते ३७ × ४७ निघतात. ५, ७ आणि ११ वजा केले तरी लगेच ३ किंवा ५ ने भाग जातो. १३ वजा केल्यावर तर रामानुजनांच्या गोष्टीतल्या टॅक्सीचा क्रमांक १७२९ समोर उभा राहतो, म्हणजे ७ × १३ × १९. दोन घनांची बेरीज म्हणून दोन वेगवेगळ्या प्रकारांनी लिहिता येते यासाठी कीर्ती मिळवलेली ही संख्या येथे निरुपयोगी. १७ ने १७२५ येतात, तेही बाद. शेवटी १९ + १७२३ जुळते. ४ वर १८ शून्ये इतक्या मोठ्या सम संख्येपर्यंत अशी जोडी प्रत्येक वेळी सापडलेली आहे, तरी सिद्धता नाही. याचे मला फारसे नवल वाटत नाही. मूळ संख्येची व्याख्याच भागाकारातून आलेली, आणि प्रश्न विचारायचा बेरजेचा. अवयव माहीत असले तरी त्यांवरून बेरजेची खात्री देता येत नाही.

विषम संख्यांची गोष्ट त्याहून वेगळी आहे. त्यांना दोन मूळ संख्यांत वाटायचे तर एक वाटा २ चाच असावा लागतो, आणि १९६१ मधून २ गेले की उरलेल्या १९५९ला ३ ने भाग जातो, म्हणजे तो मार्ग बंद. तीन वाटे केले तर मात्र ३ + ७ + १९५१ अशी वाटणी जमते. पुरेशा मोठ्या प्रत्येक विषम संख्येची ती जमतेच, हे विनोग्रादोव्ह या रशियन गणितज्ञाने १९३७ साली सिद्ध केले.