मटणातले स्पोअर शोधताना

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला कच्च्या मटणातला क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा पोट बिघडवणारा जंतू घेतला, तर घरच्यांचा पहिला प्रश्न, "शिजवल्यावर मरतातच ना जंतू?" जंतू मरतो, पण त्याचे स्पोअर, म्हणजे टणक कवचातली सुप्त रूपं, तगतात. कार्यातल्या मोठ्या पातेल्यातला रस्सा तासन्‌तास कोमट राहिला की ते रुजतात आणि झपाट्यानं वाढतात. नुसते कच्च्या मटणात सापडले म्हणून घाबरायचं कारण नाही. आजारी पडायला ग्रॅममागे १० लाखांच्या घरात पेशी पोटात जाव्या लागतात.

२५ ग्रॅम मटण २२५ मिली पेप्टोन वॉटर या पोषक द्रवात एकजीव केलं आणि त्यातलं थोडं नळीत घेऊन ८० अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवलं. १० मिनिटांत साध्या पेशी संपतात, उरतात ते स्पोअर. मॅडमनी बजावून ठेवलं होतं: थर्मामीटर बाथच्या पाण्यात नाही, शेजारी तेवढंच पाणी भरलेल्या नळीत ठेवायचा, आणि घड्याळ लावायचं ते त्या नळीत ८० दिसल्यावरच. सगळ्या कामाची मदार या १० मिनिटांवर.

मग ते टीएससी अगारवर, म्हणजे सल्फाइट आणि लोह घातलेल्या, जंतू वाढवायच्या घट्ट माध्यमावर, त्यावर त्याच अगारचा आणखी एक थर, आणि प्लेटा अ‍ॅनेरोबिक, म्हणजे ऑक्सिजनविरहित जारमध्ये. मिथिलीन ब्लूच्या पट्टीचा निळा रंग उडाला की समजायचं, आत ऑक्सिजन उरला नाही. दुसऱ्या दिवशी काळ्याभोर कॉलनी! सल्फाइटचं सल्फाइड होऊन ते लोहाशी मिळतं, म्हणून हा रंग. पण असा काळा रंग देणारे इतर जंतूही आहेत, तेव्हा लगेच नाव लिहिता येत नाही.

पुढच्या चाचण्या म्हणजे नायट्रेट, लॅक्टोज, जिलेटिन, नुसतं वाट बघणं. दुधाची चाचणी मात्र बघण्यासारखी. लोह घातलेल्या दुधात कल्चर, म्हणजे वाढवलेले जंतू, सोडून नळी ४६ अंशांना ठेवली. काही तासांत दूध थिजलं, आत गॅस धरला, गोळ्याच्या चिंध्या झाल्या आणि त्या नळीच्या तोंडाकडे ढकलल्या गेल्या. शेजारच्या टेबलावरची मुलंही बघायला आली.

स्पोअर मात्र डोळ्यांना दिसला नाही. मॅलाकाइट ग्रीन या रंगानं तो हिरवा उठून दिसायला हवा. आमच्या स्लाइडवर नुसत्या लाल कांड्या, म्हणजे साध्या पेशी. हा जंतू नेहमीच्या माध्यमांवर सहसा स्पोअर धरतच नाही. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं तेच विचारलं, "शीर्षकात स्पोअर आहे, फोटोत कुठंय?" मी वॉटर बाथच्या नोंदींचं पान उघडून त्यांच्यापुढं सरकवलं.