संगणक कक्षात लिनक्स बसवल्यानंतरचे काम

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे देणगीतून किंवा एखाद्या जुन्या योजनेतून मिळालेले शाळांतले अनेक संगणक, चालू स्थितीत असूनही, त्या अटींत बसत नाहीत. आमच्या तालुक्यातील काही शाळांत आम्ही मित्रमंडळी सुट्टीच्या दिवशी जाऊन अशा यंत्रांवर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप असलेले डेबियन, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या लिनक्स या मोफत प्रणालीचा एक प्रकार, बसवून देतो. चार जीबी रॅमवर ते सुरळीत चालते. पेन ड्राइव्ह लावून यंत्र तयार करायला तासभरही लागत नाही, आणि मुलांचे तर काहीच अडत नाही. चित्रकलेचे टक्स पेंट, प्रोग्रामिंग शिकवणारे स्क्रॅच किंवा गणिताचे जिओजेब्रा उघडून दिले की खाली कोणती प्रणाली आहे याची त्यांना पर्वा नसते.

अडते ते शिक्षकांचे. युडायस आणि सरलवर शाळेची व विद्यार्थ्यांची माहिती भरणे, शालार्थवर पगारबिले करणे ही नित्याची कामे ब्राउझरमध्ये होत असल्याने तिथे फारसा प्रश्न येत नाही. खरी अडचण येते ती प्रश्नपत्रिकांची. वर्षानुवर्षे जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची प्रमाणित पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेल्या फायली लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या की पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते, आणि 'तुमच्या लिनक्सने फाइल बिघडवली' असा शेरा ऐकावा लागतो. फाइल मुळात तशीच असते, फॉन्ट तिच्यावर मराठीचा मुखवटा चढवत असतो. पण परीक्षा आठवड्यावर आलेली असताना हे कोण ऐकून घेणार? म्हणून आम्ही आता फायलींचे युनिकोडमध्ये रूपांतर आधी करून देतो आणि त्यानंतरच प्रणालीला हात लावतो. सोबत इनस्क्रिप्ट या मराठी कळफलकाचा एक छापील तक्ता भिंतीवर लावतो. 'पुऱ्या'मधला 'ऱ्य' लिहिताना शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ दाबायची, हे एकदा दाखवले की 'मराठी नीट उमटत नाही' ही तक्रार बरीचशी मिटते.

शाळांत लिनक्स वापरण्याबाबत केरळचा दाखला नेहमी दिला जातो, मात्र त्यातला महत्त्वाचा भाग बहुधा वगळला जातो. २००१ मध्ये सुरू झालेल्या 'आयटी@स्कूल' प्रकल्पाचे, म्हणजे आजच्या 'काइट' या संस्थेचे यश केवळ उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर आधारित स्वतःची प्रणाली तयार करण्यात नाही. तिथे पाठ्यपुस्तके त्याच सॉफ्टवेअरवर बेतलेली आहेत, दहावीची प्रात्यक्षिक परीक्षा त्यावरच होते, आणि शिक्षकांना शिकवणारे प्रशिक्षकही शाळांतूनच आलेले शिक्षक असतात. शिवाय 'लिटल काइट्स' या विद्यार्थी मंडळांतली मुले कक्षाच्या देखभालीला हातभार लावतात. आपल्याकडे पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संशोधन संस्थेने 'बॉस' ही डेबियनवर आधारित प्रणाली शालेय आवृत्तीसह केव्हाच उपलब्ध करून दिली. तिच्याभोवती अभ्यासक्रम आणि परीक्षा मात्र उभी राहिली नाही.

त्यामुळे एखाद्या शाळेतून बोलावणे आले की मी मुख्याध्यापकांना आधी दोन गोष्टी विचारतो: कक्षाची जबाबदारी कोणत्या शिक्षकाकडे आहे, आणि त्यांची बदली कधी अपेक्षित आहे. बदली तोंडावर असेल तर मी त्यांच्यासोबत आणखी एक शिक्षक आणि आठवीतली दोन-तीन मुले तयार करायला सांगतो. तशी तयारी नसेल, तर ती होईपर्यंत आम्ही त्या शाळेतले काम पुढे ढकलतो. प्रिंटरचे नेमके मॉडेलही फोनवरच विचारून घेतो, कारण काही स्वस्त लेझर प्रिंटरना वेगळा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारे सॉफ्टवेअर) लागतो आणि शाळेत पोहोचल्यावर तो उतरवण्याइतके इंटरनेट मिळेलच असे नसते.