शुक्रवार, नक्षत्र हस्त

ही चिप किती पॉवर खाते, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते: काय करत असताना? गाणं वाजवताना की झोपलेली असताना? व्होल्टेज किती, तापमान किती? लो-पॉवर डिझाइन हा माझा पोटापाण्याचा धंदा, आणि त्यात हा प्रश्न दिवसभर तोंडात असतो. संध्याकाळी शिवकालाबद्दल वाचायला बसते तेव्हाही तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारते: ही तारीख कुणी लिहिली, कधी लिहिली, आणि ती मला तपासता येईल असं त्यानं सोबत काही ठेवलंय का? दोन्ही विषयांतलं संशोधन मला आवडतं ते याच कारणासाठी.

आधी चिपकडे. सर्किटमधली एखादी तार शून्याची एक होते तेव्हा तिचा कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) भरतो, पुन्हा शून्य होते तेव्हा रिकामा होतो. या भरण्या-रिकामं होण्याची पॉवर म्हणजे कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेजचा वर्ग गुणिले फ्रीक्वेन्सी, आणि वर प्रत्यक्षात किती तारा हलल्या, म्हणजे शून्य-एक बदलल्या, त्याचं प्रमाण. व्होल्टेजचा वर्ग आहे, म्हणून व्होल्टेज निम्मं केलं की पॉवर पाव होते. अडचण एवढीच की सर्किट मंदावतं.

१९९२ साली चंद्रकासन, शेंग आणि ब्रॉडरसन या बर्कलेच्या तिघांनी एक शोधनिबंध लिहिला. त्यात त्यांनी ही अडचणच कामाला लावली. मंदावतंय तर मंदावू दे, म्हणाले, तेच सर्किट दोनदा घाला आणि प्रत्येकाला निम्म्या वेगानं चालवा. दोघांचं मिळून काम तेवढंच होईल. त्यांच्या उदाहरणात व्होल्टेज ५ वरून २.९ वर आलं. दोन प्रती आणि त्यांना जोडणाऱ्या जास्तीच्या तारा धरून कपॅसिटन्स २.१५ पट झाला. पॉवर मूळच्या ०.३६ पट राहिली. आता हे कागदावर करून बघा: २.९ भागिले ५ म्हणजे ०.५८, त्याचा वर्ग ०.३३६, गुणिले २.१५, आणि फ्रीक्वेन्सी निम्मी म्हणून भागिले २. येतात ०.३६ च. जागा दुपटीहून जास्त लागते, तेही त्यांनी लपवलेलं नाही. तीस वर्षं उलटून गेली, तंत्र कुठच्या कुठे गेलं, तरी तो आकडा आजही कुणालाही पडताळता येतो. नव्या मुलांना मी पहिल्यांदा हाच हिशोब करायला लावते.

याच्या उलट टोकाला डेटाशीटवरचं, म्हणजे उत्पादकाच्या माहितीपत्रकावरचं, ‘बॅटरी दहा वर्षं चालते’ हे वाक्य. सीआर२०३२ या बटन सेलमध्ये साधारण २२० मिलिअँपिअर-तास असतात. वर्षाचे तास ८,७६०. दहा वर्षं काढायची तर सरासरी करंट अडीच मायक्रोअँपिअरच्या आसपास हवा. आता एक सेन्सर धरा, जो दर १० सेकंदांनी १० मिलिसेकंद जागा होतो आणि तेवढ्यात ५ मिलिअँपिअर घेतो. नुसत्या जागं होण्याचीच सरासरी ५ मायक्रोअँपिअर झाली. झोपेतला लीकेज (काही न करताही झिरपणारा करंट) १ मायक्रोअँपिअर धरला तर बॅटरी चार वर्षांपलीकडे जेमतेम जाईल. तोच सेन्सर उन्हात तापलेल्या पत्र्याखाली बसवला आणि लीकेज १० वर गेला, तर दोन वर्षंही नाही. लीकेज तापमानाबरोबर झपाट्यानं वाढतो, आणि खोलीच्या तापमानाला मोजलेला आकडा त्याबद्दल काहीच सांगत नाही. ‘दहा वर्षं’ हे वाक्य खोटं असेलच असं नाही. दर किती सेकंदांनी जाग आणि किती अंशांवर, हे त्यात नाही म्हणून ते मला निरुपयोगी.

रिव्ह्यूमध्ये मला सर्वांत जास्त खटकते ती गोष्ट वेगळीच आहे. टीम चिपच्या पॉवरचे तीन रिपोर्ट मांडते, तिन्ही आकडे जवळजवळ सारखे, आणि सगळे निर्धास्त. मग विचारावं लागतं, तिन्हींना ॲक्टिव्हिटी फाइल, म्हणजे सिम्युलेशनमध्ये कुठली तार किती वेळा हलली याची नोंद, कुठली दिली होती? एकच दिली असेल तर रिपोर्ट तीन असले तरी साक्षीदार एकच. त्या सिम्युलेशनमध्ये ग्लिच (तारांची क्षणिक, अनावश्यक हालचाल) पकडले गेलेच नसतील, तर तिन्ही आकडे एकाच बाजूला आणि सारखेच कमी येणार.

आता महाराजांच्या जन्मतिथीकडे. हा वाद आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालला. एक बाजू शके १५४९ च्या वैशाखाची, म्हणजे इसवी सन १६२७. दुसरी शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. सरकारी शिवजयंती आता १९ फेब्रुवारीला होते, आणि तिथीनं साजरी करणारे फाल्गुन वद्य तृतीयेला करतात. पण मला रस आहे तो पुराव्याच्या जातकुळीत.

१६२७ च्या बाजूला मुख्यतः बखरी आहेत. त्यांतली मल्हार रामराव चिटणिसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. महाराज जाऊन तेव्हा सव्वाशे वर्षं होऊन गेली होती. बखरकार एकमेकांचं वाचत आणि उतरवत आले. म्हणून पाच बखरींत एकच साल सापडलं तर ते पाच पुरावे होत नाहीत. बखरी टाकाऊ नाहीत, हे मला ठासून सांगायचंय. त्या काळात दरबाराला महाराज कसे आठवत होते, हे त्यांच्याइतकं कुणी सांगत नाही. फक्त जन्मवेळेचे साक्षीदार म्हणून त्यांना उभं करू नये.

१६३० ची बाजू बदलली ती जेधे शकावलीनं. ही कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली नोंदवही. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे प्रसिद्ध केली. तिच्यातली जन्माची नोंद मला फार मोलाची वाटते, कारण लिहिणाऱ्यानं नुसतं साल दिलेलं नाही. शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र, आणि स्थळ शिवनेरी. एवढ्या खुणा ठेवल्यात, तर त्या तपासायच्या नाहीत का?

संवत्सर बघू. शकात १२ मिळवा, ६० नं भागा, बाकी काढा. १५५१ अधिक १२ म्हणजे १५६३, बाकी ३. साठ संवत्सरांत प्रभव पहिला, विभव दुसरा, शुक्ल तिसरा. जुळलं. वार बघू. १९ फेब्रुवारी १६३० ही जुन्या ज्युलियन कॅलेंडरची तारीख. आजच्या कॅलेंडरवर आणायला १० दिवस मिळवायचे, म्हणजे १ मार्च १६३०. आपलं कॅलेंडर दर ४०० वर्षांनी वारासकट पुन्हा तसंच येतं. मग फोनमध्ये १ मार्च २०३० काढायचं. शुक्रवार! नक्षत्रही ठाकठीक आहे. फाल्गुनी पौर्णिमेला चंद्र फाल्गुनी नक्षत्रांच्या जवळपास असतो, त्यावरूनच महिन्याचं नाव पडलं, आणि उत्तरा फाल्गुनीच्या लगेच पुढचं नक्षत्र हस्त. वद्य तृतीयेला चंद्र तिथे असणं अगदी स्वाभाविक.

हा हिशोब पहिल्यांदा पुरा झाला तेव्हा मला भरून आलं होतं. मावळातल्या कुणा कारकुनानं लिहून ठेवलेला वार तितक्या वर्षांनंतर माझ्या हातातल्या फोननं बरोबर ठरवला.

पण एवढ्यावर थांबायचं नाही. पंचांग जाणणारा माणूस मागाहूनही वार-नक्षत्र जुळवून तिथी लिहू शकतो. नोंद आतून सुसंगत आहे इतकंच यातून कळतं. म्हणून पुढचा प्रश्न पुन्हा ॲक्टिव्हिटी फाइलचाच: दुसरा साक्षीदार याच कागदावरून बोलतोय का? कवींद्र परमानंद हा महाराजांच्या हयातीतला कवी. त्याचं संस्कृत शिवभारत तंजावरला मिळालं आणि स. म. दिवेकरांनी १९२७ मध्ये छापलं. त्यात हीच तिथी आहे. राजस्थानात सापडलेली जन्मपत्रिकाही याच बाजूची. मावळातलं एक देशमुखी दप्तर, तंजावरातलं एक काव्य, राजस्थानातली एक पत्रिका. भाषा वेगळ्या, लिहिण्याचे हेतू वेगळे, जपणारी घराणी वेगळी. माझ्या मते वादाचं पारडं इथे झुकलं, आणि नुसत्या बखरींची संख्या वाढवून ते परत वर जाणार नाही.

सोशल मीडियावर दर फेब्रुवारीत यावरून भांडणं होतात. त्यांत घराण्याचा, जातीचा, पक्षाचा उद्धार होतो, आणि संवत्सर मोजून पाहणारा क्वचितच भेटतो. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण त्याला लागतो फक्त एक कागद आणि पाच मिनिटं.

ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी आणखी एक. प्रतापगडाखाली अफजलखानाची भेट झाली ती शके १५८१, विकारी संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, गुरुवार, १० नोव्हेंबर १६५९. १५८१ अधिक १२, भागिले ६०, बाकी ३३. संवत्सरांच्या यादीत तेहेतिसावं नाव बघा. वारासाठी १० दिवस मिळवून फोनमध्ये २० नोव्हेंबर २०५९ उघडा. आणि काय आलं ते खाली लिहा, सोबत तुमच्या घरच्या जुन्या कागदांत अशी वारासकट एखादी तिथी असेल तर तीही.