तुम्ही विचारलंत म्हणून: "विकतेस कशाला? देऊन टाक की!"

हा प्रश्न मावससासूबाईंनी विचारला, वरच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारला, आणि मागच्या महिन्यात मंडईत भेटलेल्या ओळखीच्या एका सरांनीही विचारला. सूर एकच. पोरांचे वापरलेले कपडे विकायचे असतात का? दोन-चारशे रुपयांवाचून तुमचं काय अडलंय?

काहीच अडलेलं नाही. तरी विकते.

२०१९ च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. आम्ही नदीपासून लांब, विश्रामबागेत, म्हणून कोरडे राहिलो. पाणी ओसरल्यावर एका शाळेच्या हॉलमध्ये मदतीचं सामान निवडायला गेले. गावोगावहून ट्रक आले होते. धान्य, पाण्याच्या बाटल्या, औषधं, सगळं जीव ओतून पाठवलेलं. कपड्यांचा ढीग मात्र वेगळाच. चेन तुटलेल्या चड्ड्या, बगलेत उसवलेले शर्ट, एकेकटे मोजे, ओढणी नसलेला लग्नातला घागरा. एक बाई मुलीला काही मिळतंय का बघायला आली. तिनं एक फ्रॉक उचलला, उलटसुलट पाहिला आणि परत ठेवला. मागून कुणीतरी पुटपुटलं, "फुकट मिळतंय तरी नखरे बघा." खरं सांगते, माझ्याही मनात तेच आलं होतं. मग तो फ्रॉक हातात घेतला. पाठीला एकही बटण नव्हतं.

घरी येऊन माझ्याच देण्याच्या पिशव्या उघडल्या. तीच गत! देऊन टाकायचंय म्हटलं की आपण बघत नाही. नजरेआड झालं की सुटलो.

तेव्हापासून किंमत लावते. दीडशे रुपये मागायचे म्हटलं की हात आपोआप शिवणीवर जातो. टिचबटण सैल झालंय का बघते, इलॅस्टिक गेलं असेल तर नवं ओवते. बाळाचे कपडे ठेवण्याआधी नीट धुतले नाहीत तर दुधाचा न दिसणारा डाग सहा महिन्यांत पिवळा होऊन वर येतो, हे मी चार झबली घालवून शिकले. केळ्याच्या डागापुढे हात टेकलेत. तो असला तर फोटोत तो भागच जवळून दाखवते आणि भाव निम्मा करते. आमचा आयांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, सांगली-मिरजेतल्याच सगळ्या. तिथे न सांगितलेला डाग निघाला तर पुढच्या वेळी कुणी विचारतसुद्धा नाही.

आणि घेणारीला "नको" म्हणता येतं. "रंग नाही आवडला", "शंभरला देताय का?" असं ती बेधडक बोलते. फुकट देणाऱ्या बाईपुढे ही सोय नसते. तिथे "छान आहे हं" म्हणून घ्यायचं आणि घरी जाऊन पायपुसणं करायचं.

नात्यात मात्र मी पैसे घेत नाही. आपल्याकडे बाळाला पहिल्यांदा जुनंच घालतात. माझ्या मुलाचं पहिलं झबलं नणंदेच्या मुलाचं, धुवून धुवून सायीसारखं मऊ झालेलं. ते आता चौथ्या घरी आहे. त्याला भाव लावला तर सासूबाई मला घरात घेणार नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं. पण सगळ्यांना एवढा गोतावळा कुठे असतो? नोकरीसाठी इथे आलेल्या जोडप्याला कोण नणंद झबली धाडणार?

जुने कपडे विकणं ही काही नवी फॅशनही नाही. बोहारीण दारात बसून हेच तर करायची. फक्त तिला साड्या हव्या असत. पोरांचे कपडे पुढे केले की म्हणायची, "ह्याचं काय येणार ताई, वाटीसुद्धा नाही." तेव्हा ते वाकळेत जायचे. आता वाकळ शिवणारी आमच्या घरी कुणी उरली नाही, आणि निम्म्या कपड्यांत पॉलिस्टर. ते वाकळेत गार लागतं आणि मातीत कुजत नाही.

पाण्याचंही सांगते. एका सुती टी-शर्टामागे, कापसाच्या शेतापासून धरून, साधारण २,७०० लिटर पाणी लागतं असा हिशेब सांगतात. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, त्यातल्या एका टाकीत जवळपास ५० हजार लिटर. म्हणजे अठरा टी-शर्ट. माझ्या धाकटीच्या कप्प्यात त्याहून जास्त आहेत. बाळ पहिल्या वर्षात सुमारे २५ सेंटीमीटर वाढतं, त्यामुळे कपडा विटायच्या आधी आखूड होतो. स्वेटरची तर गंमतच. सांगलीची थंडी ती केवढी! वीस वेळा घातला की माप संपलं.

सगळंच विकत नाही. बूट नाही, कारण ते पहिल्या पोराच्या पायाच्या वळणावर बसलेले असतात. गळ्याशी नाडी असलेली टोपडी नाहीत. आणि वॉकर तर मुळीच नाही. कॅनडानं २००४ मध्ये त्यावर बंदीच घातली, पोरं त्यातून जिन्यावरून पडतात म्हणून. आमचा वॉकर चाकं काढून भंगारात दिला. भंगारवाल्यानं चाकं वेगळी मागून घेतली, तो भाग सोडा.

परवा ग्रुपवर एक पिवळा फ्रॉक आला. पाठीची बटणं पाहून ओळखला. चारांतलं एक मीच बसवलेलं, पिवळं मिळालं नाही म्हणून पांढरं. मी तो दीडशेला विकला होता. त्या बाईंनी दोन वर्षं वापरून एकशे सत्तर लावलेत. चांगली घासाघीस करणार होते, पण त्या मापाचं घरात कुणी उरलं नाही.