वाघर पुन्हा रानात

मंगळवेढ्याच्या आमच्या काळ्या रानात आबा दर उन्हाळ्यात खतासाठी धनगरांची मेंढरं बसवायचे. मी शिकून आलो आणि ते बंद करून युरियाच्या पोत्यांवर विसंबलो. चुकलंच माझं. आता पुन्हा बसवतो: रात्रभर लेंड्या-मूत पडतं, सकाळी वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, पुढं सरकते.

माळाचे सहा तुकडे केलेत. खिलार गायींनी एक तुकडा चरला, की पवन्या-मारवेलचं गवत पुन्हा गुडघ्याला लागेपर्यंत तिकडं फिरकायचं नाही. पूर्वी गुरं मोकाट; कोवळा फुटवा लगेच खुडला जायचा, मुळं दमायची, शेवटी उरायची ती नुसती कुसळी. गवत दाटलं तसं ओढ्याला गढूळ पाणी येईनासं झालं. यंदा कडबा विकत घेतला नाही. आता वरच्या अंगाला बाभळी राखायच्यात, गायींना सावली हवी.