१६ मिमी प्रोजेक्टरचा वर्म गियर: स्कॅनरपासून उद्यमनगरातल्या लेथपर्यंत

आधीच्या नोंदी न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. माझ्याकडे सत्तरच्या दशकातला, परदेशी बनावटीचा १६ मिमी साउंड प्रोजेक्टर आहे. काकांनी तो एका लिलावात पंखे-बाकांच्या ढिगासोबत उचलला होता. मोटर फिरते, दिवा लागतो, पण फिल्म जागची हलत नाही. शटरच्या दांड्यावरचा वर्म गियर (स्क्रूसारख्या आट्यांचं गियर) उभा चिरलाय. कंपनीचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याकडे हे मशीन आहे त्यांनी ‘उभा चिरलाय’ एवढ्यावरच ओळखलं असेल.

स्टीलच्या दांड्यावर नायलॉन घट्ट दाबून बसवलंय. वर्षं सरतात तसं नायलॉन आकसतं आणि कडक होतं. आतलं स्टील काही आकसत नाही. मग एक दिवस कट्टकन आवाज होतो. मशीन वापरलं काय नि पेटीत ठेवलं काय, सारखंच. म्हणून जुना, न वापरलेला स्पेअर शोधायचा नाद मी सोडला. तोही त्याच वाटेवरचा. नवीनच करायचा ठरवला.

एप्रिल

कोल्हापुरात पार्ट बनवून मिळणार नाही असं म्हटलं तर लोक हसतील. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, जिकडे बघावं तिकडे फाउंड्री आणि मशीन शॉप. ‘रिव्हर्स इंजिनिअरिंग’ असा बोर्ड असलेली तीन ठिकाणं गाठली. तिघांचंही रोजचं काम म्हणजे जुन्या पंपाची बॉडी, ट्रॅक्टरचं ब्रॅकेट, असलं हातात मावणार नाही असं काहीतरी. मी खिशातून प्लास्टिकची डबी काढून बोराएवढा गियर टेबलावर ठेवला की समोरचा आधी डबीकडे आणि मग माझ्याकडे बघायचा.

एकाने स्कॅनचे ६,५०० सांगितले. ड्रॉइंग त्यात धरलेलं नव्हतं, ‘ते वेगळं’. पुण्यातल्या एका ठिकाणी फोन केला. तिथला माणूस अगदी अदबीने बोलत होता. ‘वर्षाला किती नग लागतील सर?’ म्हटलं, एक. थोडा वेळ फोनवर नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाला, ‘आमच्याकडे कमीत कमी ५००.’ बिचाऱ्याचं चुकलं नाही. साच्याचा खर्च एका नगावर कोण काढणार?

शेवटी ओळखीतल्या एका पोराने हजार रुपयांत स्कॅन करून दिला आणि त्यावरून रेझिनची थ्रीडी प्रिंट काढली. दिसायला हुबेहूब. चार मिनिटं चालला, मग दाते पिठासारखे झडले. रेझिन ठिसूळ होतं हे एक कारण. खरं कारण नंतर कळलं: आम्ही मेलेल्या गियरची नक्कल केली होती. चिरून फाकलेला, आकसलेला, झिजलेला गियर जसाच्या तसा उतरवला. फटसुद्धा आली होती प्रिंटमध्ये, इतका प्रामाणिक स्कॅनर.

ती प्रिंट काकांना दाखवली. काका म्हणाले, ‘अरे, भाऊ आनंदराव गेल्यावर मूकपटवाल्या बाबूराव पेंटरांनी दामल्यांना घेऊन १९१८ ला ह्याच गावात अख्खा कॅमेरा बनवला. तुम्हाला मेल्यांनो एक गियर हुईना?’ खरी कॉर्नरच्या कॅमेऱ्याच्या स्तंभापुढून जाताना हल्ली मी दुसरीकडे बघतो.

मे

आता व्हर्नियर घेऊन मीच मोजायला बसलो. वर्मची बाहेरची जाडी फट उघडलेल्या दिशेने १४.४ मिमी, काटकोनात १४.१. कुठला आकडा धरायचा? सरासरी काढली. इथे हसून घ्या.

एक गोष्ट मात्र मोजणीशिवाय कळली, आणि ती तुम्हीही घरी करू शकता. १६ मिमी फिल्मला एका चौकटीमागे एकच भोक असतं. हाताने फिरवायचा नॉब एक वेढा फिरवला की एक चौकट पुढे जाते. माझ्या स्प्रॉकेटला (फिल्म सरकवणाऱ्या दातेरी चाकाला) १२ दाते, म्हणजे नॉबच्या, अर्थात वर्मच्या, १२ वेढ्यांत स्प्रॉकेटचा एक. स्प्रॉकेटमागच्या गियरला २४ दाते. २४ भागिले १२ म्हणजे दोन, तेव्हा वर्म दुहेरी आट्यांचा हवा. टोकाकडून बघितलं तर खरंच आट्यांची दोन तोंडं समोरासमोर. हे हुकलं की स्प्रॉकेट निम्म्याच वेगाने फिरणार आणि वरचा लूप, म्हणजे फिल्मचा सैल वळसा, बघता बघता संपणार.

हे आकडे घेऊन एका शॉपमध्ये गेलो. तिथल्याने मॉड्यूल (दात्याच्या आकाराचं मेट्रिक माप) ०.८ धरून पितळी वर्म कापून दिला. मशीनमध्ये बसवला तर हाताने फिरेना, जोर लावला तर करकरे. सोबतच्या गियरची वाट लागण्याआधी काढून घेतला. ९०० रुपये गेले. आता तो टेबलावर पेपरवेट आहे.

जून

मी एका कास्टिंगच्या कारखान्यात डिस्पॅचला आहे. क्वालिटी रूमशी माझा संबंध चहापुरता. पण तिथल्या पोराला सिनेमाचं वेड. दुपारच्या सुट्टीत म्हणाला, ‘आण की, प्रोफाइल प्रोजेक्टरवर टाकूया.’

ज्यांनी हे यंत्र बघितलं नसेल त्यांना सांगतो. काचेच्या टेबलावर वस्तू ठेवायची, मागून उजेड, आणि तिची सावली १० किंवा २० पट मोठी होऊन गोल पडद्यावर पडते. पडद्यावर कोन मोजायच्या रेघा असतात. प्रोजेक्टरचा गियर दुसऱ्या प्रोजेक्टरच्या पडद्यावर बघताना मला उगाच मजा वाटत होती. २० पटीत ती चीर रंकाळ्याच्या काठाला पडलेल्या भेगेसारखी दिसत होती.

त्या पोराने पहिल्यांदा विचारलं तेच एप्रिलमध्ये कुणीतरी विचारायला हवं होतं. ‘चिरलेला कशाला मोजतोस? जे शाबूत आहे ते मोज.’

शाबूत काय होतं? सोबतचं २४ दात्यांचं गियर, स्टीलचा दांडा आणि ॲल्युमिनियमच्या बॉडीतली बेअरिंगची भोकं. हे तिन्ही मोजले.

गियरची बाहेरची जाडी २०.६२. तिला दाते अधिक दोन, म्हणजे २६ ने भागलं, तर ०.७९३. ०.८ नाही! आणि ०.७९३ हा मॉड्यूल कुठल्याच मेट्रिक तक्त्यात नाही. पण २५.४ भागिले ३२ करा: ०.७९४. म्हणजे इंची माप, ३२ डीपी (व्यासाच्या एका इंचामागे ३२ दाते). मेच्या वर्मला नेमकं काय झालं ते आत्ता कळलं. ३२ डीपीत आट्यांमधलं अंतर २.४९४ मिमी, ०.८ मॉड्यूलला २.५१३. फरक फक्त वीस मायक्रॉनचा, पण प्रत्येक दात्याला. शिवाय गियरचा पिच व्यास (दाते जिथे एकमेकांना भिडतात त्या वर्तुळाचा) १९.०५ च्या जागी १९.२ धरल्याने वर्मचा व्यासही चुकलेला.

मग बॉडीच्या दोन्ही भोकांत पिना घालून हाइट गेजने मधलं अंतर काढलं: १५.८८. पाच अष्टमांश इंच म्हणजे १५.८७५. त्याची दुप्पट ३१.७५, त्यातून गियरचा पिच व्यास १९.०५ वजा केला, राहिले १२.७०. बरोबर अर्धा इंच. बाहेरची जाडी १२.७० अधिक दोन मॉड्यूल, १४.२९, म्हणजे नऊ सोळांश इंच. दांडा पाव इंचाचा. चिरलेल्या गियरने १४.१ आणि १४.४ सांगितलेलं, दोन्ही खोटं. पन्नासेक वर्षांपूर्वी कुणा ड्राफ्ट्समनने बोर्डवर लिहिलेले सरळ अपूर्णांक एकामागून एक जागेवर बसले, आणि आम्ही दोघं डबा खायचं विसरलो.

शेवटचं राहिलं दात्याचा कोन. वर्मचा जो तुकडा बरा होता त्याच्या दोन्ही बाजूंमधला कोन पडद्यावर २९ अंश आला. म्हणजे साडेचौदा अंशाचा जुना प्रेशर अँगल. आजकाल सगळीकडे २० चालतो, म्हणून न विचारता कुणीही २० चंच टूल लावेल. ड्रॉइंगवर हे ठळक लिहा.

जुलै

ड्रॉइंग कागदावर आलं तशी बोलणीच बदलली. आता मला ‘सर्व्हिस’ नको होती, चांगला टर्नर हवा होता. उद्यमनगरात, वाय. पी. पोवार नगराच्या एका बोळात, एका जुन्या इंची लेथवर काम करणारे, थाऊत (इंचाच्या हजाराव्या भागात) बोलणारे मामा भेटले. ड्रॉइंग उलटंसुलटं बघितलं. ‘२९ अंश? मग ॲक्मीच की ह्ये. जॅकचे आटे.’

बरोबर बोलले. ॲक्मीच्या आट्यांचा कोनही २९ च. फक्त वर्मला खोली जास्त लागते, इथे १.७१ मिमी, म्हणून टूलचं टोक अरुंद करावं लागतं. त्यांनी ठेवणीतलं एक टूल काढून ग्राइंडरवर तिथल्या तिथे घासलं.

मला धास्ती होती ती पिचची, म्हणजे आट्यांमधल्या अंतराची. वर्मच्या पिचमध्ये पाय (π) येतो, आणि लेथच्या गियरबॉक्सवर पाय कुठे लिहिलेला नसतो. दुहेरी आट्यांची लीड (एका वेढ्यात आटा जेवढा पुढे जातो ते अंतर) म्हणजे एक इंच भागिले १६ गुणिले पाय. मामांनी पायच्या जागी २२/७ घेतला, त्यांच्या लीड स्क्रूला (लेथचं टूल सरकवणाऱ्या दांड्याला) इंचाला चार आटे, आणि खडूने दारावरच हिशोब मांडला: ४४ वर ५६. ही दोन्ही गियर त्यांच्या खोक्यात होती. मी घरी येऊन तपासलं. एका लीडमागे चूक दोन मायक्रॉनची. चालतंय की.

दुसरा आटा कापायला जॉब नेमका अर्धा वेढा फिरवायचा असतो. स्पिंडलचं गियर ४४ दात्यांचं. मामांनी एका दात्यावर खडूची खूण केली, २२ दाते मोजून दुसरी, गियर सोडवलं, फिरवलं, पुन्हा जुळवलं. इतक्या वेळात मी श्वास घेतला असेन तर आठवत नाही.

मटेरियल डेल्रिन नावाचं प्लास्टिक घेतलं. नायलॉन ओल पितं, पाण्यात ठेवलं तर वजनाच्या आठ-नऊ टक्क्यांपर्यंत. आपल्याकडच्या जुलैत तर ते नको. डेल्रिन एक टक्क्याच्या आत राहतं. त्याचा तोटा एवढाच की तापलं की स्टीलच्या नऊ-दहापट फुगतं. टूल धारदार हवं. मग पांढऱ्या शेवया निघतात, त्या चकभोवती गुंडाळू न देता ओढत राहायचं. ते काम माझ्याकडे होतं.

आणि महत्त्वाचं: वर्म दांड्यावर दाबून बसवला नाही. तसं केलं तर पुन्हा तेच, फक्त वीस-तीस वर्षांनी. भोक सहज सरकेल एवढं ठेवलं. कडेला चार मिमी जागा होती, तिथे पितळी बुश बसवला. बुशला दोन खाचा, डेल्रिनला दोन खुंट्या, एकमेकांत अडकणाऱ्या. बुश दोन ग्रब स्क्रूने (बिनडोक्याच्या) दांड्यावर आवळला. ओढ बुश घेतो, डेल्रिनवर ताण नाही.

सगळे मिळून १,४०० रुपये. मामांनी आधी १,२०० सांगितले होते. बुशचे दोनशे मीच वाढवून दिले.

घरी आणून जोडला, फिल्म चढवली, आणि पडद्यावर अक्षरांना वर-खाली पांढऱ्या शेपट्या. शटर उतरवण्याआधी पंजा आणि शटरचा मेळ दाखवणारी खूण करायला विसरलो होतो. पंजा फिल्म ओढत असताना शटर उघडं राहत होतं. एक रात्र त्यात गेली. तुम्ही नेलपॉलिशने खूण करा, बायकोला विचारून.

वेग तपासायला १०० फुटी रीळ लावली. २४ चौकटींनी मिनिटाला ३६ फूट, म्हणजे २ मिनिटं ४७ सेकंद लागायला हवीत. घड्याळात २:४८. आवाजात लाटा नाहीत. एक्साइटर दिवा (फिल्मवरचा आवाज वाचायला लागणारा) मात्र मिणमिणतोय. तो ४ व्होल्टचा, पाऊण अँपिअरचा. त्याचं पुढच्या नोंदीत.

गेल्या शनिवारी मशीन रिक्षात घालून मामांच्या शॉपमध्ये नेलं. शॉपचं शटर निम्मं ओढलं, ड्रिल मशीनच्या वरची चुन्याची भिंत हा पडदा. काकांच्या मित्राने काढलेली खासबागेतल्या कुस्तीची मूक रीळ होती. आधी चुकून २४ वरच लावली, तर पैलवान नुसते टणाटण उड्या मारायला लागले. बाजूच्या वेल्डरची पोरं हसून लोळली. मग वेग १८ वर आणला आणि सगळी गप्प.

मामांनी भिंतीकडे बघितलंच नाही. मागचं झाकण काढायला लावलं, तोंडात छोटी टॉर्च धरली आणि रीळ संपेपर्यंत वर्मकडे बघत वाकून उभे राहिले. शेवटी दिव्याच्या कोठीजवळ हात नेऊन बघितला.

‘हितं गरम हुतंय. दुसऱ्या नगाला दोन थाऊ सैल घेऊया.’